चर्चा : 'मोठी फोर-बाय-फोर घ्या आणि निर्धास्त व्हा' म्हणे!

तिरपागडा : कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, "कुटुंब मोठं असेल तर डोळे झाकून मोठी फोर-बाय-फोर घ्या, पावसात घसरत नाही." डोळे झाकूनच लिहिलेलं दिसतंय. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चिखलातून निघते. थांबवायचं काम ब्रेक आणि टायरचं, आणि चारही चाकांना ब्रेक छोट्या हॅचबॅकलाही असतात. सव्वा टनाच्या जागी अडीच टन असले की त्याच वेगाला ब्रेकमध्ये दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. लांब उतारावर ब्रेक तापून कमी धरतात ते उगाच नाही. वर उंची. चाकांमधली रुंदी १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर असेल, तर रुंदी भागिले दुप्पट उंची म्हणजे १.१४. हा आकडा जितका कमी, तितकी गाडी उलटायला सोपी. सेडान १.४च्या आसपास असते.

लो_रेंज : हे गणित उभ्या गाडीचं. ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, विसरलात? एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी आडवी होण्याआधीच सावरते. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून सक्तीचं आहे. आणि समोरासमोर टक्कर झाली तर जड गाडीतल्यांना कमी झटका बसतो, हे भौतिकशास्त्र सोयीस्कर गाळलंत.

ग्रीसगन : ईएससी टायरच्या पकडीवर चालतं, जादूवर नाही. टायर गुळगुळीत असेल तर तेही हात टेकतं. खरा घोळ वेगळाच आहे. पार्ट-टाइम गाड्या (एरवी दोन चाकांवर चालणाऱ्या, लिव्हर टाकला की चारवर) लोक कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून, हाकतात, "जास्त सेफ" म्हणून! त्यांना मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक जिरायला जागा नाही. ताण ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीत) साठतो, स्टीअरिंग जड होतं, लिव्हर टू-हायमध्ये, म्हणजे परत दोन चाकांवर, येतच नाही. मग लिव्हरवर दांडगाई. अहो, सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

लो_रेंज : मॅन्युअल न वाचणाऱ्यांचा दोष गाडीच्या माथी का? फुल-टाइममध्ये, म्हणजे कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत, हा प्रश्नच नाही.

ग्रीसगन : नाही कसा? दोनच टायर नवे टाकले की परीघ बदलतो, मधला डिफरन्शियल किंवा क्लच सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतो. चारही एकाच मापाचे, एकाच मेकचे, झीज जवळपास सारखी. हे शोरूममध्ये कोण सांगतं?

तिरपागडा : धागा टायरवर गेला वाटतं.

सातवी_सीट : कुटुंबाचं कुणी बोलेल का? पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडीला झेपणारं वजन, ६०० किलो धरा. सत्तर किलोचे सात जण म्हणजे ४९० गेले. उरलेल्या ११०मध्ये सामान, तेही टपावर, कारण तिसरी रांग उघडली की डिकी संपली. टपाची मर्यादा वेगळी, बऱ्याच गाड्यांना ७५ ते १०० किलो, बहुतेकदा कॅरियर धरून. तिसऱ्या रांगेपर्यंत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवरून पडद्यासारखी उघडणारी) पोचते का, चाइल्ड सीटला तिथे टॉप टेदर (सीटचा वरचा पट्टा अडकवायची कडी) आहे का, डोकं आणि मागची काच यात किती अंतर उरतं, हे आधी बघा. आणि भरल्या गाडीच्या टायरमधली हवा वेगळी असते. दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचा.

लो_रेंज : बरं बाबा, सात जण आणि टपावर ट्रंका असतील तर तुमचं १.१४ही उदारच म्हणायचं. पण चार जण आणि चिखलाचा रस्ता असेल तर मी लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) सोडणार नाही.

तिरपागडा : चार जणांना सात सीट कशाला, ते मात्र राहिलंच.