सुरक्षेचा मुद्दा कोर्टात टिकला नव्हता

असं म्हटलं जातं की फ्रान्सची बुरखाबंदी, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावरची बंदी, सुरक्षेसाठी होती आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तेच मान्य केलं. निकाल नेमका उलट सांगतो. १ जुलै २०१४ च्या त्या निकालात सुरक्षा आणि स्त्री-पुरुष समानता, दोन्ही कारणं फेटाळली गेली. ओळख पटवायची तेवढ्यापुरता चेहरा दाखवायला लावता येतो, त्यासाठी सरसकट बंदी कशाला, असा तो तर्क. कायदा तरला तो 'एकत्र राहणं' (समाजात वावरताना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत) या एकाच, बऱ्याच सैल कल्पनेवर, १५ विरुद्ध २ मतांनी. मला हा पाया कच्चाच वाटतो. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याच कायद्यात धर्मस्वातंत्र्याचा भंग झाल्याचं म्हटलं.

बुरख्याशी हिजाबची गल्लतही नको, हिजाबमध्ये चेहरा उघडाच असतो. कायद्यात धर्माचं नावही नाही; हेल्मेट, आजारपणातला मास्क, खेळ, सण यांना सूट आहे. चेहरा झाकणाऱ्या बाईला दंड जास्तीत जास्त १५० युरो, पण तिच्यावर जबरदस्ती करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो. अडचण अशी, की जबरदस्ती घराच्या चार भिंतींत होते, दंडाची पावती मात्र रस्त्यावर तिच्याच हातात पडते.