मदत हवी आहे : आईच्या फोनवरील आरोग्यविषयक शिफारशी कशा आवराव्यात?

नमस्कार. माझ्या आईने गुडघेदुखीवरचे व्यायाम पाहण्यासाठी एक व्हिडिओ अ‍ॅप वापरायला सुरुवात केली. मात्र आता ते उघडताच ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘ही गोळी आजच बंद करा’ असे व्हिडिओ एकामागून एक समोर येतात आणि रक्तदाबाची गोळी खरेच घ्यावी का, असे ती विचारू लागली आहे. याची मला फार काळजी वाटते. भीती घालणारा व्हिडिओ माणूस शेवटपर्यंत पाहतो आणि व्हिडिओ सुचवणारी अ‍ॅपची यंत्रणा त्यालाच आवड समजते.

मोझिला फाउंडेशन (फायरफॉक्स ब्राउझरमागील ना-नफा संस्था) हिच्या 2022 मधील अभ्यासानुसार, यूट्यूबवरील ‘स्वारस्य नाही’ या बटणाने नकोशा शिफारशींपैकी जेमतेम 11 टक्के रोखल्या गेल्या, तर विशिष्ट चॅनेल न सुचवण्याच्या पर्यायाने 43 टक्के. मग पाहण्याचा इतिहास पुसून नव्याने सुरुवात करावी, की तो कायमचा बंदच ठेवावा? ऑटोप्ले (एक व्हिडिओ संपताच पुढचा आपोआप सुरू होणे) बंद केल्याने ज्येष्ठांच्या सवयीत फरक पडल्याचा कोणाचा अनुभव आहे का?

तिचा फोन काढून घ्यायचा नाही, कारण कीर्तने आणि पाककृती ती आवडीने पाहते. फिजिओथेरपिस्ट स्वतः चालवत असलेली मराठी चॅनेल माहीत असल्यास कृपया तीही सुचवावीत.