भागीदारी तुटली, पाइपलाइनचं काम गेलं. आता पडत्या भावात आणखी शेअर घेऊन अ‍ॅव्हरेज करायचं का?

केळीवाला, रावेर
कंपनीचं नाव घेत नाही. एक्स्चेंजला दोन ओळी कळवल्या, जेव्ही, म्हणजे दुसऱ्या कंपनीशी कामासाठी केलेली भागीदारी, परस्परसंमतीनं संपली म्हणून. आठवड्याच्या आत पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचं कामही रद्द. ग्रुपवर रोज नवी वावडी: भागीदारानं दगा दिला, याहून मोठं काम येतंय. माझे केळीच्या पट्टीचे पैसे अडकलेत यात. मला एकच कळायला हवं. टेंडरला अनुभवाचा दाखला कोणाचा लागला होता? भागीदाराचा असेल, तर तसली पुढची कामंही गेली समजा.

भुसावळचा भाऊ
दादा, एवढं घाबरू नका भो. जेव्ही त्या-त्या कामापुरतीच असते, ती मोडणं नवीन नाही. जुन्या दरानं घेतलेलं काम, वर पाइपाचे भाव चढले, तर सुटलं तेच बरं. हातात बाकी ऑर्डरी आहेत. मी काल आणखी घेतले.

केळीवाला, रावेर
सुटलं की काढून घेतलं? काढून घेतलं असेल तर बँक गॅरंटी, म्हणजे कामासाठी बँकेनं दिलेली पैशांची हमी, वटवली जाऊ शकते. जेव्हीत सहसा दोघं मिळूनही जबाबदार आणि एकेकटेही. भागीदार हात वर करून मोकळा झाला तर सगळं आपल्या कंपनीच्या गळ्यात. वार्षिक अहवालात कंटिंजंट लायबिलिटीची, म्हणजे पुढे अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यांची, टीप वाचलीत का?

धुळ्याची अकाउंटंट
एक चूक सगळेच करताहेत. "कंपनीनं अफवा नाकारली नाही, म्हणजे खरी" असं नसतं. अफवेवर खुलासा करण्याचं सेबीचं बंधन बाजारमूल्यानं पहिल्या २५० कंपन्यांना, तेही बातमी प्रसारमाध्यमांत आली तर. ही कंपनी त्यात नाही. गप्प बसण्यावरून काहीच ठरत नाही, ना चांगलं ना वाईट.

पाइपवाला, जळगाव एमआयडीसी
मी माल देणारा, म्हणून सांगतो. एका ठेकेदाराची जेव्ही मोडली तेव्हा माझं बिल दोघांनीही एकमेकांकडे ढकललं. दीड वर्ष फेऱ्या मारल्या. भाऊ, ऑर्डरी मोजू नका, येणी किती दिवस तुंबलीत ते बघा. पैसा फिरत नसेल तर नवी ऑर्डर म्हणजे नवं कर्ज.

भुसावळचा भाऊ
येण्यांचं मी पाहिलं नव्हतं, हे कबूल. तरी या भावात विकणार नाही. तिमाहीचा निकाल येऊ द्या.

केळीवाला, रावेर
मी निम्मे उद्याच काढतो. केळीच्या कांदेबागाची लागवड तोंडावर आहे, रोपांचे पैसे द्यायचेत.