वृद्धाश्रमात रात्री देखभालीला किती माणसं असतात, ते विचारा
वृद्धाश्रम निवडताना "जेवण चाखा, संडास-बाथरूम बघा, बाकी आपोआप कळतं" असा सल्ला देतात, तो अर्धंच पटतो. आत्याला धायरीकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवण्याआधी आम्ही दोन्ही केलं होतं. वरण-भात उत्तम, फरशी लखलखीत. विचारायचं राहिलं ते एवढंच, की रात्री ८ नंतर किती माणसं असतात. २२ खाटांना एक मावशी, आणि तीही दिवसाची पाळी करून थांबलेली! ३ आठवड्यांत आत्याच्या माकडहाडापाशी जखम.

ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, नाहीतर दाबाखालच्या कातडीला रक्त पोचत नाही. सुरुवात नुसत्या लाल डागाने होते; बोटाने दाबून तो फिका पडत नसेल तर समजायचं, जखम सुरू झालीय. (सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतंय का बघावं.) म्हणून कूस बदलल्याची वही मागा. आम्ही मागितली तेव्हा दुपारचे ४ वाजले होते आणि वहीत येणाऱ्या रात्रीच्या १०, १२, २ च्या सह्या होऊनही गेल्या होत्या, एकाच पेनाने. व्यवस्थापक म्हणाले, "रात्री गडबड असते ना." हवेची गादी आहे, कूस बदलायची गरजच नाही, असंही ऐकवतील. गादीने मदत होते, पण कूस बदलावीच लागते.