पोतदार आडनावाचा उगम : देवीचा पोत की खजिना?

प्रश्न (कागदवेडा) :
नमस्कार. आमचे आडनाव पोतदार. आमचे पूर्वज भवानीच्या गोंधळात पेटता पोत (कापडाची मशाल) घेऊन पुढे चालत, म्हणून हे नाव पडले, असे घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते आणि आमची कुलस्वामिनीही भवानीच असल्याने त्यावर कोणी शंका घेतली नाही. गेल्या महिन्यात आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतील एक कागद सापडला. जाणकाराकडून वाचून घेतल्यावर त्यात शके १७४१ अशी मिती निघाली, म्हणजे इसवी सन १८१९च्या आसपासचा तो असावा. त्यात खापरपणजोबांच्याही आधीच्या पुरुषाच्या नावापुढे पोतदार हा शब्द आहे. मात्र मजकूर सगळा देण्याघेण्याचा असून देवीचा उल्लेख कोठेही नाही. घरची कथा चुकीची मानावी का, आणि यापुढे शोध कोणत्या दिशेने करावा?

प्रतिसाद १ (मोडीवाचक) :
कथा मनाला भावणारी असली, तरी शब्द निराळ्या वाटेने आला आहे. पोतदार हा फारसी फोतेदारचा मराठी अवतार. फोता म्हणजे पैशाची थैली, सरकारी भरणा. वसुलात आलेले नाणे खरे की खोटे, किती झिजलेले, हे पारखून घेणारा अधिकारी तो पोतदार, तर पोताचा, म्हणजे खजिन्याचा, हिशेब लिहिणारा पोतनीस. यातील ‘नीस’ म्हणजे नवीस, लिहिणारा. फडणीस, चिटणीस आणि पारसनीस याच घरातले. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारा, हे आज ते नाव लावणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदार उघडून पाहावा : नाणी पारखणारा आणि गावचा सोनार असे दोन्ही अर्थ तेथे सापडतील. देवीपुढे पेटवायचा पोत हा शब्द वेगळा. दोन्हींचा उच्चार एक असल्याने पुढच्या पिढ्यांनी आपल्या भक्तीशी जुळणारा अर्थ उचलला, इतकेच.

प्रतिसाद २ (वतनदाराचा पणतू) :
वरील व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु माझ्या मते तेथे थांबणे हीच आडनावांच्या शोधातील नेहमीची चूक. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे घराण्याचा उगम कळला, असे होत नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख, पोतदार ही मुळात कामाची, वतनाची नावे. ज्याच्याकडे काम त्याला ते नाव, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणून शेजारच्या तालुक्यातील पोतदार आपले भाऊबंद असतीलच असे नाही, आणि सोनार पोतदार व ब्राह्मण पोतदार यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध शोधत बसणे व्यर्थ होय. उलट सख्ख्या चुलत घराण्यांची आडनावे वेगळी झालेली आढळतात, कारण वतन एकाच शाखेकडे राहिले. नाना फडणीसांचेच पाहा : नाव बाळाजी जनार्दन, मूळ आडनाव भानू, आणि इतिहासात उरले ते पदाचे नाव. पेशव्यांचे मूळ आडनाव भट होते, हेही तसेच. तेव्हा आपला खरा प्रश्न ‘पोतदार म्हणजे काय’ हा नसून ‘पोतदारीपूर्वी आम्ही कोण होतो’ हा आहे.

‘कर’ प्रत्ययाच्या आडनावांची गंमत आणखी निराळी. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही; ते नाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटते. होळकरांचे होळ हे नीरेकाठचे गाव, पण घराण्याचे नाव गाजले ते माळव्यात. आपल्या जुन्या नावात ‘कर’ निघाले, तर ते गाव सध्याच्या वस्तीपासून दूर शोधावे.

प्रतिसाद ३ (जुनी पाने) :
शोधाच्या दिशेविषयी थोडे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मिळाल्यास जन्ममृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. जुन्या नोंदी बहुधा मोडीतच असतात. तेथे आडनाव सापडले नाही तर निराश होऊ नये, कारण ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’ एवढ्यावरच काम भागवलेले असते आणि आपल्याला बापाच्या नावावरून साखळी जोडावी लागते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी यात्रेच्या वेळी केलेला लेख असू शकतो. तेथे जाताना आडनावासोबत मूळ गावाचे नाव न्यावे, नाहीतर पोतदारांच्या गर्दीत आपले पोतदार सापडणार नाहीत. पुण्यातील पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ही त्यानंतरची पायरी. आधीच तेथे गेल्यास रुमालांच्या (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या) ढिगाऱ्यात दिवस जातो, हे मी स्वतः भोगले आहे.

एक विचारतो : आपल्या कागदात पोतदार या शब्दापुढे नेमके काय लिहिले आहे? मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ह्रस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही, त्यामुळे वाचकाने ओळखीचा शब्द दिसताच पुढचा मजकूर सोडून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (कागदवेडा) :
आपल्या सूचनेवरून ती ओळ भिंगाखाली पुन्हा वाचून घेतली. ‘पोतदार कसबे मजकूर’ असे तेथे आहे, म्हणजे त्याच कसब्याची पोतदारी. तेव्हा ते आडनाव नव्हतेच, असे मला आता वाटते. त्या पूर्वजाच्या वडिलांचे नाव आणि पोतदार यांच्यामध्ये आणखी एक शब्द आहे, जो पहिल्या वाचनात पूर्ण सुटला होता. त्याच्या शेवटी ‘कर’ स्पष्ट दिसते, परंतु आधीची दोन अक्षरे घडीवर आल्याने झिजली आहेत आणि दोन जाणकारांनी ती दोन प्रकारे वाचली. दोन्ही वाचनांशी जुळणाऱ्या गावांची नावे काढायला घेतली आहेत. आईला अजून काही सांगितलेले नाही. नवरात्रात ती पोताची कथा नातवंडांना सांगणार आहे.