सदाफुली टोरांटोच्या थंडीत टिकेल का?

बाल्कनीवाली_दादर: लेक टोरांटोला असते, तिला आपल्या बाल्कनीतल्या सदाफुलीची फार आठवण येते. तिथल्या नर्सरीतून रोप आणून अंगणात लावलं, उन्हाळाभर मस्त फुललं, पण ऑक्टोबरमधे एका रात्री दंव गोठलं नि सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोळागोळा. फोटो बघून मलाच रडू आलं. पुढच्या वर्षी काय करायचं?

मातीचे_हात: ताई, ही मूळची मादागास्कर बेटावरची, गोठणारी थंडी तिला अजिबात सोसत नाही. जमिनीत नको, कुंडीतच लावायला सांगा, रात्री पारा १० अंशांच्या आसपास आला की घरात, दक्षिणेच्या खिडकीत. आणि पाणी बोटभर माती सुकल्यावरच, नाहीतर मुळं कुजतात.

गच्ची_मुलुंड: शेंगा पिवळसर झाल्या की फुटायच्या आत काढायच्या, आत बारीक काळ्या बिया असतात. मार्चमधे घरातच पेरा, वर मातीचा पातळ थर हवाच, अंधारात चांगल्या रुजतात. लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा हां, सगळं झाड विषारी आहे, कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन यातूनच मिळतं.

बाल्कनीवाली_दादर: नात दोन वर्षांची आहे, बरं झालं सांगितलंत. आत्ताच फोन लावते.