मुंबईत घराच्या अंगणात सुरंगी लावायची आहे : मार्गदर्शन हवे

नमस्कार,

बोरिवलीत आमच्या तळमजल्याच्या घरामागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत साधारण बारा फूट रुंदीची मोकळी पट्टी आहे आणि तिथे येत्या पावसाळ्याच्या सुरुवातीला सुरंगी लावण्याचा विचार आहे. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या मंडळींना या झाडाची ओळख करून देण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की सुरंगी (मॅमिया सुरिगा) हा कोकण आणि पश्चिम घाटातला सदाहरित वृक्ष असून तो उंडी व नागकेशर यांच्या कुळातला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या जून, पाने नसलेल्या फांद्यांवर कळ्यांचे घोस लागतात आणि सिंधुदुर्गातल्या बाजारांत त्यांचे वळेसर (गजरे) विकायला येतात. मुंबईतल्या रोपवाटिकांत सुरंगी मागितली की बहुधा बकुळ किंवा सोनचाफा पुढे केला जातो. दोन्ही झाडे उत्तम आहेत, पण मला ती नको आहेत.

सध्या माझ्याकडे गावाहून आणलेले, बियांपासून तयार झालेले गुडघाभर उंचीचे रोप कुंडीत आहे. त्याच्या जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात, तर नवी पाने शिरा हिरव्या ठेवून मधल्या भागात पिवळी पडतात. कुंडीत अंगणातलीच माती आहे आणि पाणी बोअरिंगचे, किंचित मचूळ चवीचे आहे. हा अन्नद्रव्यांचा अभाव समजावा की पाण्याचा दोष?

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. सुरंगीत काही झाडांना केवळ नरफुले येतात. मला फळांची अपेक्षा नसल्यामुळे नर झाड निघाले तरी तक्रार नाही, परंतु मुळातच सावकाश वाढणाऱ्या या झाडाच्या बियाच्या रोपाला फुलण्यासाठी किती वर्षे थांबावे लागेल आणि त्याऐवजी कलम मिळवणे शहाणपणाचे ठरेल का, हे ज्यांनी झाड वाढवले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. शिवाय आमच्या वसाहतीत दर मे महिन्यात झाडांची सरसकट छाटणी होते, तिचा फुलांवर परिणाम होईल का?

प्रतिसाद :

पानांची दोन्ही लक्षणे वेगवेगळ्या कारणांची वाटतात. कडा करपणे हे बहुतेक वेळा क्षारयुक्त पाण्याचे लक्षण असते. शिरा हिरव्या राहून नवे पान पिवळे पडणे म्हणजे लोहाची कमतरता; मात्र मातीत लोह नसते असे नाही, चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. मुंबईतली अंगणे बऱ्याचदा बांधकामाच्या डबराने भरलेली असतात. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात चुना आहे असे समजा. कोकणातली जांभ्याची माती याच्या अगदी उलट, आम्लधर्मी आणि पाणी न धरणारी असते. त्यामुळे तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन डबर पूर्ण काढावे आणि तांबडी माती, पालापाचोळ्याचे खत व थोडे शेणखत भरावे. पावसाळ्यात साठवलेले पाणी पुढे जितके पुरेल तितके द्यावे आणि बुंध्यापासून थोडे अंतर सोडून आच्छादन करावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा हवाच. त्या बाजूला केळ लावली तरी काम भागते.

कलमाबाबत कोकमाचे उदाहरण उपयोगी पडेल. कोकमाच्या रोपातून नर निघेल की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, म्हणून त्याची मृदुकाष्ठ (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधलेली) कलमे करतात आणि ती रोपांपेक्षा लवकर फळतात. सुरंगीचे कलम मिळाले तर फुलणाऱ्या झाडाच्या सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी वापरली आहे का, हे आधी विचारावे; आडव्या फांदीच्या काडीचे कलम पुढेही आडवेच पसरण्याचा धोका असतो.

छाटणीवाल्यांना मात्र या झाडाजवळ येऊ देऊ नका. फुले जून लाकडावर येत असल्यामुळे जाड फांदी तोडली की तिच्यावरचा अनेक वर्षांचा बहर गेला. जागाही आत्ताच नीट ठरवा, कारण 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात स्वतःच्या अंगणातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

मूळ लेखक :

आभारी आहे. व्हिनेगर टाकताच मातीला भरपूर फेस आला, त्यामुळे खड्ड्यातले डबर काढण्याचे काम पावसाआधी उरकतो. पट्टीच्या एका टोकाला जमिनीखालची पाण्याची टाकी आहे, म्हणून झाड दुसऱ्या टोकाला घेतो. रोप तोपर्यंत तांबड्या मातीच्या मोठ्या कुंडीत हलवतो. सुरंगीची कलमे ठाणे किंवा रायगड जिल्ह्यात कुठे तयार होतात, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.